साखर उलटते म्हणजे नेमकं काय होतं?

मागच्या अंकात शिळ्या उसाबद्दल उत्तर देताना मी "तोडून पडलेल्या उसात साखर उलटते" असं एक वाक्य लिहून गेलो. कारखान्यात हे वाक्य दिवसातून दहा वेळा कानावर पडतं, त्यामुळे त्यात काही विशेष आहे असं मला वाटलंच नाही. पण पत्रांचा गठ्ठा आला. "साखर काय भाकरी आहे का उलटायला?" असं एकांनी सरळच विचारलंय. बाकीच्यांनी आपापल्या विषयातलं उलटं पाठवलंय : कुणी गणितातलं, कुणी हवेतलं, कुणी कवितेतलं. तेव्हा हा महिना उलट्याला वाहिलेला. ('उलटीला' लिहिलं होतं, संपादकांनी फोन करून थांबवलं.)

प्रश्न : मी बारावी शास्त्रला आहे. आमच्याकडे रसायनशास्त्रात 'इन्व्हर्ट शुगर' आहे, गणितात 'इन्व्हर्स फंक्शन', भूगोलात 'टेंपरेचर इन्व्हर्जन'. शब्द एकाच घरातले, मग कल्पना एकच आहे का? आणि साखरेत उलटतं तरी काय?
(विद्यार्थिनी, कराड)

उत्तर : आधी साखर, कारण साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी ३१ वर्षं तेच बघत बसलो.

तुझ्या कॉलेजात पोलॅरिमीटर, म्हणजे प्रकाशाचं वळण मोजणारं यंत्र, असेल तर सरांच्या मागं लागून एकदा डोळा लावून बघ. उसाच्या रसाचा नमुना घ्यायचा, त्यात शिशाची पांढरी पूड टाकून ढवळायचं. गाळ धरतो. मग गाळणकागदातून पाण्यासारखा नितळ रस उतरतो. तो २०० मिलिमीटर लांबीच्या काचेच्या नळीत भरायचा. आत बुडबुडा राहिला तर पुन्हा पहिल्यापासून. नळी यंत्रात ठेवून बघितलं की समोर पिवळी गोल चकती दिसते, अर्धी उजळ आणि अर्धी काळसर. चाक फिरवत फिरवत दोन्ही अर्धी सारखी करायची. चाक उजवीकडे जितकं जास्त फिरवावं लागलं, तितकी रसात साखर जास्त.

असं होतं कारण साखरेचं द्रावण ध्रुवित प्रकाशाला, म्हणजे एकाच प्रतलात थरथरणाऱ्या प्रकाशाला, उजवीकडे वळवतं. शुद्ध साखरेचा ठरलेला आकडा आहे +६६.५ अंश. आता या द्रावणात थोडं आम्ल घालून ते गरम कर. साखरेचा रेणू पाण्याचा एक रेणू घेऊन मोडतो आणि त्याचे दोन होतात, एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज. ग्लुकोज उजवीकडेच ओढतं, +५२.७. फ्रुक्टोज मात्र डावीकडे, आणि जोरात, सुमारे −९२. दोघं निम्मेनिम्मे असल्यावर बेरजेत डावा जिंकतो आणि आकडा −२० च्या आसपास येतो. चाक शून्य ओलांडून पलीकडे जातं.

उलटलं ते एवढंच, प्रकाशाचं वळण. साखरेचा रेणू काही कोलांटी मारत नाही, तो मोडतो. म्हणजे खरं तर हे नाव साखरेचं नाहीच, आमच्या चाकाचं आहे. १८५० साली लुडविग विल्हेल्मी या जर्मन माणसानं असंच चाकाकडे बघत साखर किती वेगानं मोडते ते मोजलं आणि गणितात बसवलं. तुझ्या पुस्तकातलं रासायनिक गतिकीचं प्रकरण तिथून सुरू होतं.

कारखान्याच्या दृष्टीनं यातली गंमत म्हण, दुखणं म्हण, असं आहे : पाण्याचा रेणू आत शिरत असल्यामुळे १०० किलो साखर उलटली की वजनाला १०५ किलो भरते. आणि पोत्यात त्यातला एक किलोही पडत नाही. सगळं मळीत जातं. म्हणून तोडीनंतर २४ तासांच्या आत ऊस गव्हाणीत पडावा असा आग्रह असतो, म्हणून रसात चुना घालून त्याचा आंबटपणा मारतात. उतारा, म्हणजे उसातून हाती येणारी साखर, घसरला की संचालकांपासून वॉचमनपर्यंत सगळे प्रयोगशाळेकडे बघतात.

आता तुझा पहिला प्रश्न. नाही, कल्पना एक नाही. पण कुणी 'उलट' म्हटलं की मी दोन गोष्टी विचारतो. उलटताना जागेवर काय राहिलं? आणि पुन्हा उलटलं तर पहिल्या जागी येता येतं का? गणितातल्या इन्व्हर्सचा इन्व्हर्स काढ, मूळ फलन हातात येतं. उलटलेली साखर पुन्हा उलटून सुलट होत नाही. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज एका भांड्यात कितीही ढवळ, साखर होणार नाही. ते काम उसासारख्या वनस्पतींना जमतं, आणि त्यासाठी त्यांना उन्हाची ऊर्जा खर्चावी लागते. तेव्हा तुझ्या पुस्तकातल्या तीन उलट्यांपैकी आमचं उलटं सर्वांत खोट्या नावाचं आहे.

प्रश्न : मी सातवी-आठवीला गणित शिकवते. "५ च्या उलट काय?" असं विचारलं की निम्मा वर्ग −५ म्हणतो, निम्मा १/५. दोन्ही बरोबर कसं, हे पटवता येत नाही. 'उलट जाऊन उत्तर काढणं' यासाठी एखादं चांगलं उदाहरणही सुचवा.
(शिक्षिका, निपाणी)

उत्तर : बाई, मुलं हुशार आहेत, प्रश्न अर्धा आहे. बेरजेत कुणाला धक्का लागत नाही? शून्याला. म्हणून बेरजेच्या घरात ५ चं उलट −५, दोघं मिळून शून्य. गुणाकारात तेच स्थान १ चं, म्हणून तिथं १/५. पुस्तकात यांना 'विरुद्ध संख्या' आणि 'गुणाकार व्यस्त' अशी वेगळी नावं आहेत. घोळ आपण 'उलट' म्हणतो तिथं होतो.

उदाहरण मात्र तुम्हाला जुनंच देतो, ११५० सालचं. भास्कराचार्यांच्या 'लीलावती' या गणितग्रंथात विलोमविधी, म्हणजे उलट जाण्याची रीत, आहे : "छेदं गुणं गुणं छेदं वर्गं मूलं पदं कृतिम् । ऋणं स्वं स्वमृणं कुर्याद् दृश्ये राशिप्रसिद्धये ॥" भागाकार असेल तिथं गुणा, गुणाकार असेल तिथं भागा, वर्गाचं मूळ घ्या, मुळाचा वर्ग करा, वजा ते मिळवा, मिळवलेलं वजा करा, आणि दिसणाऱ्या उत्तरापासून मागं चालत या. लगेच एका चंचल डोळ्यांच्या मुलीला कोडं घातलंय. एक संख्या घेतली, ३ नं गुणली, त्या गुणाकाराचा पाऊण भाग त्यातच मिळवला, ७ नं भागलं, आलेल्यातून त्याचाच तिसरा हिस्सा काढला, जे उरलं त्याचा वर्ग केला, ५२ वजा केले, वर्गमूळ घेतलं, ८ मिळवले, १० नं भागलं, उत्तर २ आलं. तर संख्या कोणती?

फळ्यावर उलटे चला. २ ला १० नं गुणून २०. त्यातून ८ गेले, १२. वर्ग १४४. त्यात ५२ मिळवून १९६. मूळ १४. इथपर्यंत वर्ग आनंदानं तुमच्याबरोबर येईल. आता थांबा. पुढची पायरी 'तिसरा हिस्सा काढला' याची आहे. मुलं म्हणतील, मग १४ चा तिसरा हिस्सा मिळवूया. इथंच ती पडतात, आणि मोठी माणसंही. काढलेला तिसरा हिस्सा आधीच्या संख्येचा होता, १४ चा नव्हे. भास्कराचार्यांनी यासाठी वेगळा श्लोकच खर्ची घातलाय : अंश तसाच ठेवा, छेदात मात्र बदल करा. १/३ काढला होता, तर छेद ३ मधून १ वजा करून २, म्हणजे अर्धा मिळवा. १४ अधिक ७, झाले २१. त्याला ७ नं गुणून १४७. आता पाऊण, म्हणजे ३/४ मिळवला होता, तर छेद ४ अधिक ३ बरोबर ७, म्हणून ३/७ वजा करा. १४७ मधून ६३ गेले, ८४. त्याला ३ नं भागून २८. हे उत्तर.

मुलांना हे आजचं वाटावं म्हणून दुकानाचं बिल आणायला सांगा. वस्तू १०० रुपयांची, जीएसटी १८ टक्के, एकूण ११८. आता ११८ मधून कर काढून मूळ किंमत सांगा म्हटलं, तर कितीतरी जण ११८ चे १८ टक्के काढून ९६ रुपये ७६ पैसे सांगतात. आमच्या इथल्या एका दुकानदारानं मला तसं बिल करून दिलं होतं, माझा फायदा झाला म्हणून मी गप्प बसलो. (पुढच्या महिन्यात जाऊन सांगितलं.)

क्रमाचं सांगायचं असेल तर सायकलचं चाक वर्गात न्या. पंक्चर काढताना आधी नट, मग चाक, मग टायर, मग ट्यूब. बसवताना ट्यूब पहिली. नटापासून सुरुवात करणाऱ्याला चालतच घरी जावं लागतं. आणि सहल काढणार असाल तर चाळीसगावजवळ पाटण आहे. तिथल्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याची नोंद आहे.

प्रश्न : "धूर आहे तिथं आग असते" हे खरं, मग "आग आहे तिथं धूर असतो" हेही खरंच की! घरात यावरून वाद पेटलाय. निकाल द्या.
(गडहिंग्लज)

उत्तर : वाद पेटलाय तरी धूर दिसत नाही, यातच निकाल आला. अन्नंभट्टांच्या 'तर्कसंग्रह' या न्यायशास्त्रावरच्या ग्रंथात हेच उदाहरण आहे. जिथं धूर तिथं अग्नी, जसं स्वयंपाकघर. ते उलटवून "जिथं अग्नी तिथं धूर" म्हणायला गेलात तर तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा आडवा येतो : आग आहे, धूर नाही. धुराला आगीशिवाय आणखी एक गोष्ट लागते, ओलं सरपण. खरं राहतं ते नकार घालून उलटवलेलं वाक्य : जिथं आग नाही तिथं धूरही नाही, जसा पाण्याचा डोह. त्याला ते व्यतिरेक म्हणतात.

वाचायला सोपं आहे, पण मी स्वतः यात तोंडावर आपटलोय. नोव्हेंबरचा महिना, गाळप सुरू होऊन दहा-बारा दिवस झालेले. एका गटाच्या उसाची प्युरिटी, म्हणजे रसात विरघळलेल्या ऐवजातला साखरेचा वाटा, सलग तीन दिवस कमी येत होती. शिळा ऊस आला की प्युरिटी पडते, हे मला पाठ. मी अहवालात लिहून टाकलं : प्युरिटी कमी, सबब ऊस शिळा. त्यावरून तोडणी टोळीला दंड बसला. दुसऱ्या दिवशी टोळीचा मुकादम दोन ऊस खांद्यावर घेऊन थेट प्रयोगशाळेत आला. बीडकडचा माणूस, आवाज चढवला नाही.

"सायेब, टोळीचं नुसकान केलंत. ह्यो बुडखा चावा."

चावला. गोड होता.

"आता शेंडा चावा."

पाणचट, तुरट. मग त्यानं कापलेली टोकं माझ्या नाकाशी धरली. पांढरीशुभ्र. लाली नाही, आंबूस वास नाही. ऊस शिळा नव्हता, कोवळा होता. दहा महिन्यांचाही झाला नसेल, आणि तोडीचा नंबर आधी लावला गेला होता तो टोळीनं लावलेला नव्हता. कोवळ्या उसाचीही प्युरिटी कमीच येते. मी वाक्य उलटवलं आणि गोळा विसरलो. अहवाल दुरुस्त केला, दंड मागं घेतला गेला, पण आठ माणसांच्या कोयत्यांना पंधरा दिवस माझ्यामुळं बोलणी खावी लागली. त्यानंतर रिपोर्ट लिहिण्याआधी मी शेंडा आणि बुडखा दोन्हींचा ब्रिक्स, म्हणजे रसात विरघळलेल्या ऐवजाचं प्रमाण, घ्यायला लागलो. दोन्ही आकडे जवळ आले की ऊस पिकला.

प्रश्न : थंडीत द्राक्षबागेत शेकोट्या करतो. धूर वर न जाता बागेवरच का पसरतो? आणि खालच्या वावरातली बागच आधी का करपते?
(निफाड)

उत्तर : एरवी वर जावं तशी हवा थंड होत जाते, किलोमीटरला साधारण साडेसहा अंश. निरभ्र आणि बिनवाऱ्याच्या रात्री जमीन आपली उष्णता आभाळात टाकून मोकळी होते, तिला लागलेली हवा गारठते आणि वरची हवा उबदार राहते. उतरंड उलटी झाली, कराडच्या मुलीचं 'टेंपरेचर इन्व्हर्जन' ते हेच. धूर थोडा चढतो, वरच्या उबदार थराशी पोचला की त्याला पुढं जायला जोर उरत नाही, मग आडवा पसरतो. पहाटे चारच्या पाळीला जाताना आमच्या चिमणीचा धूर असाच चादरीसारखा ताणलेला दिसायचा. ऊन आलं की नऊपर्यंत सरळ वर. थंड हवा जड, ती पाण्यासारखी उतारानं वाहून खोलगट वावरात साठते, म्हणून खालची बाग आधी जाते. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर हेच झाकण पाच दिवस बसलं होतं, खाली घरोघरच्या कोळशाचा धूर, आणि हजारो माणसं गेली. आपल्याकडचं हे उलटं मात्र बहुतेक सकाळी ऊन आलं की आपोआप सुलट होतं, तेवढं बरं.

प्रश्न : "चिमा काय कामाची", "रामाला भाला मारा" ही वाक्यं उलटी वाचली तरी तीच राहतात. याहून मोठं काही आपल्याकडे आहे का? आणि मुक्ताबाईंचं "मुंगी उडाली आकाशी, तिणें गिळिलें सूर्यासी" हेही यातलंच का?
(बडोदा)

उत्तर : 'चिमा'त पहिली 'चि' ऱ्हस्व आणि शेवटची 'ची' दीर्घ, तेव्हा कडक परीक्षक ती नापास करेल. "ती होडी जाडी होती" मात्र पैकीच्या पैकी.

मोठं विचारताय तर सूर्यदास दैवज्ञांचं 'रामकृष्णविलोमकाव्य' घ्या. सोळाव्या शतकातला हा माणूस पार्थपूरचा, म्हणजे आजच्या परभणी जिल्ह्यातल्या पाथरीचा. श्लोक सुलटा वाचला की राम, उलटा वाचला की कृष्ण. पहिली ओळ अशी : "तं भूसुतामुक्तिमुदारहासं वन्दे यतो भव्यभवं दयाश्रीः". सीतेला सोडवणाऱ्या रामाला वंदन. आता शेवटच्या 'श्री'पासून एकेक अक्षर मागं या : "श्रीयादवं भव्यभतोयदेवं संहारदामुक्तिमुतासुभूतम्". यादव, म्हणजे कृष्ण, मारायला आलेल्या पूतनेलाही मुक्ती देणारा. बोट ठेवून करून बघा, मी तीनदा केलं. गंमत 'क्ति' आणि 'व्य'वर आहे. ही जोडाक्षरं फोडायची नाहीत, ती अखंड उचलून मागं न्यायची. 'मुक्तिमु' आणि 'भव्यभ' हे तुकडे उलटे केले तरी तेच राहतात, त्यांच्याच आधारानं कवीनं ओळ पेललीय. सुटे उच्चार उलटवले असते तर सगळं कोसळलं असतं.

हे वाचताना मला कळलं आणि मी उभाच राहिलो : याच सूर्यदासांनी १५४१ मध्ये 'लीलावती'वर 'गणितामृतकूपिका' नावाची टीका लिहिली. म्हणजे वर निपाणीच्या बाईंना सांगितलेला विलोमविधी ज्यानं शिष्यांना समजावला, त्यानंच काव्यही विलोम केलं. एका हातानं संख्या मागं नेली, दुसऱ्या हातानं राम-कृष्ण.

मुक्ताबाईंचं वेगळं. तिथं अक्षरं जागच्या जागी, व्याकरण सरळ, उलटलंय ते जग. "विंचु पाताळासी जाय, शेष माथां वंदी पाय", "माशी व्याली घार झाली". लहानानं मोठ्याला गिळलं, आणि ते "देखोन मुक्ताई हांसली". अर्थ सांगणारे पुष्कळ आहेत, मी रसायनवाला, मला ते हसणं पुरतं.

आमच्या मुकादमाचं 'नुसकान' मात्र या खात्यात धरा. 'नुकसान'मधली दोन अक्षरं जागा बदलून बसलीत, भाषावाले त्याला वर्णविपर्यय म्हणतात. हसू नका, 'वाराणसी'तले र आणि ण असेच अदलाबदल होऊन पुढं 'बनारस' झालं.

प्रश्न : वाईजवळच्या एका कड्यावर होकायंत्र भलतीकडेच दाखवत होतं. सोबतचा म्हणाला, सह्याद्रीच्या दगडात उत्तर-दक्षिण उलटी आहे. खरं का?
(सातारा)

उत्तर : दोन गोष्टी एकत्र झाल्यात. तुमचं होकायंत्र बिघडवलं ते त्या जागच्या बेसाल्टनं. त्यात लोहखनिज असतं, आणि कड्यावर वीज पडली असेल तर तेवढा तुकडा चांगलाच चुंबकी होतो. पण मित्र म्हणाला तेही खरं आहे. लाव्हा थंड होताना त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राची दिशा दगडात गोठते. ते क्षेत्र अनेकदा उलटलंय, शेवटचं सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वी. उलट्या दिशेचे दगड फ्रान्समध्ये ब्रुन्ह यांनी १९०६ मध्ये दाखवले, जपानी मातुयामांनी १९२९ मध्ये त्याचा काळाशी मेळ घातला. आपला दख्खनचा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, त्यातला बराचसा उलट्या काळात ओतला गेला. त्या दिवसांत होकायंत्र असतं तर उत्तरेचं टोक दक्षिणेकडे वळलं असतं. पृथ्वी मात्र पालथी झालेली नव्हती, सूर्य पूर्वेलाच उगवत होता. त्याच दगडातल्या दिशेच्या कलावरून हेही निघालं की तेव्हा आपली भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती.

प्रश्न : गुलाबजामच्या पाकात लिंबू पिळतात ते कशाला? किती पिळावं? आणि रव्याच्या लाडवांच्या पाकात पिळलं तर?
(इचलकरंजी)

उत्तर : तुम्ही घरी साखर उलटवताय, ताई. लिंबाच्या आंबटानं पाकातली थोडी साखर मोडते, आणि ते ग्लुकोज-फ्रुक्टोज उरलेल्या साखरेला खडे धरू देत नाहीत. म्हणून पाक दुसऱ्या दिवशीही मोकळा राहतो. मधमाशी हेच काम आपल्या पाचकरसानं करते. अर्धा किलो साखरेला अर्धं लिंबू पुरे, ते पाक उकळत असताना घाला. गॅस बंद केल्यावर पिळलं तर नुसता वास येतो, काम होत नाही. रव्याच्या लाडवांना मात्र नको. तिथं साखर पुन्हा धरायलाच हवी, नाहीतर लाडू वळतात आणि संध्याकाळी ताटात बसतात. आमच्याकडे एका दिवाळीला बसले होते, आणि घरात साखरेचा जाणकार म्हणून सल्ला मीच दिला होता.